ऐकले, पण आधी विचारले

शास्त्रभाग : यहोशवा २२ : १०-३४



यहोशवाच्या पुस्तकातील बाविसावा अध्याय आपल्या मंडळ्यांत क्वचितच वाचला जातो. यरीहोच्या भिंती कशा पडल्या हे शब्बाथशाळेतील लहान मूलही सांगते. यहोशवाने आपल्या घराण्याविषयी केलेला शेवटचा निश्चय तर पुष्कळ घरांच्या भिंतीवर टांगलेला असतो. परंतु ह्या दोहोंच्या मध्ये असा एक प्रसंग आहे की, ज्यात लढाई झाली नाही, आणि ती झाली नाही हेच त्या प्रसंगाचे मोठेपण आहे. मोबाईल हातात घेऊन वाढणाऱ्या आपल्या तरुणांपुढे आज कोणता शास्त्रभाग ठेवावा असे कोणी आम्हांस विचारले, तर आम्ही हाच ठेवू.

देश वाटून दिला गेला होता. रऊबेन, गाद व मनश्शेचा अर्धा वंश हे आपल्या भावांचा निरोप घेऊन यार्देनेपलीकडील वतनाकडे निघाले. जाताना त्यांनी नदीजवळ एक मोठी वेदी बांधली. ही बातमी इकडच्या वंशांच्या कानी आली. त्यांनी हे ऐकले असे शास्त्र सांगते. पाहिले असे सांगत नाही. ऐकताच सर्व मंडळी शिलो येथे जमली. कशासाठी? आपल्याच भावांवर चढाई करण्यासाठी.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. बातमी खोटी नव्हती. वेदी खरोखरच बांधली होती, मोठी होती, दुरून दिसत होती. खोटा होता तो तिचा लोकांनी लावलेला अर्थ. हे आमच्याविरुद्ध आहे, हे देवाविरुद्ध आहे, असे त्यांनी धरून चालले.

पण तलवार उपसण्यापूर्वी त्यांनी एक काम केले. एलाजार याजकाचा पुत्र फिनहास आणि दहा वंशांचे दहा सरदार ह्यांना त्यांनी पलीकडे पाठविले. हा फिनहास काही मऊ माणूस नव्हता. गणनाच्या पंचविसाव्या अध्यायात भाला घेऊन धावणारा तो हाच. ह्या वेळी मात्र तो भाल्याऐवजी प्रश्न घेऊन गेला. त्याने कठोर शब्दांत विचारले, परंतु विचारले. आणि विचारल्यावर उत्तर येईपर्यंत थांबला. पलीकडच्यांनी सांगितले की, ही वेदी यज्ञासाठी नव्हेच. नदी मध्ये आहे. उद्या तुमची मुले आमच्या मुलांना म्हणतील की, परमेश्वराशी तुमचा काय संबंध? तसे होऊ नये म्हणून ही साक्ष उभी केली आहे. म्हणजे जी वेदी फुटीची खूण वाटली, ती ऐक्याची खूण होती. फिनहासाला हे ऐकून आनंद झाला. तो परतला, आणि लढाईची भाषा बंद झाली. शिलोहून गिलादापर्यंत जाऊन येण्यास जो वेळ लागला, तेवढ्या वेळाने किती घरे वाचविली!

आता आपल्या जिल्ह्याकडे वळू.

१३ जुलै २०१८ हा शुक्रवार बिदर जिल्ह्याने विसरू नये. हैदराबादचा एक तरुण संगणक अभियंता आपल्या मित्रांबरोबर मोटारीने आमच्या भागात आला होता. वाटेत एका गावी त्या मंडळींनी शाळेतील मुलांना चॉकलेटे दिली. त्यांतला एक मित्र परदेशाहून आला होता. त्याने ती प्रेमाने आणलेली. त्या दिवसांत मुले पळविणाऱ्या टोळीचे संदेश घरोघरी फिरत होते. लोकांना संशय आला, गर्दी जमली. भिऊन ते मोटार घेऊन निघाले, पण त्यांच्यापुढे संदेश धावला. कमलनगरकडील मुरकी गावी रस्ता अडवून लोक उभे होते. पुढे जे झाले ते लिहिताना हात थांबतो. पोलीस मध्ये पडले, त्यांनाही मार बसला. तो तरुण वाचला नाही, त्याचे मित्र जबर जखमी झाले. नंतर पुष्कळांना अटक झाली. त्यांत ज्या व्हॉट्सअ‍ॅप गटावरून संदेश गेला, त्या गटाचा चालकही होता.

त्याच महिन्याच्या १ तारखेला, रविवारी, जेव्हा आपण उपासनेला बसलो होतो, त्या दिवशी धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे मंगळवेढ्याकडील नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच माणसांना जमावाने ठार केले. भिक्षा मागत फिरणारी ती गरीब माणसे. संशय तोच, अफवाही तीच.

ह्या अफवेबरोबर त्या वर्षी देशभर एक चित्रफीत फिरत होती. मोटारसायकलवरून दोघे येतात आणि रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून नेतात, असे तीत दिसे. ती पाहून कोणत्या आईचा जीव उडणार नाही? पण ती फीत आपल्या देशातील नव्हतीच. मुलांची काळजी घ्या हे सांगण्यासाठी कराचीतील एका संस्थेने ती मुद्दाम तयार करविली होती. शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि सावधगिरीचा फलक दाखवितात. कोणीतरी हा शेवट कापून टाकला आणि उरलेला भाग खरा म्हणून पाठविला. बंधूंनो, ही यार्देनेकाठची वेदीच नव्हे काय? दिसत होते ते खरोखरच चित्रित झालेले होते. अर्थ मात्र खोटा होता. आणि मुरकीच्या रस्त्यावर फिनहास पाठविणारे कोणी नव्हते.

येथे आम्हांस आमची स्वतःची चूक सांगणे भाग आहे. त्याशिवाय पुढे उपदेश करण्याचा आम्हांस अधिकार नाही.

त्या उन्हाळ्यात मुले पळविणाऱ्यांचा एक संदेश आमच्याकडेही आला आणि आम्ही तो हुमनाबादच्या आपल्या तरुण संघाच्या गटावर पाठविला. मुलांना सांभाळा, एवढेच आमच्या मनात होते. अकरावीत शिकणाऱ्या एका मुलीने खाली लिहिले, “अण्णा, हे कोणी पाहिले आहे का?” आम्हांस राग आला. मुलांच्या जिवाचा प्रश्न आहे, येथे वाद घालू नये. मोठी माणसे पाठवितात ती विचार करूनच पाठवितात, असे आम्ही तिला सर्वांदेखत बजाविले. ती गप्प बसली. गटातील बाकीची मुलेही गप्प बसली. थोड्याच दिवसांनी मुरकीची बातमी आली.

आमचा संदेश मुरकीला गेला होता असे नाही. पण जी साखळी मुरकीपर्यंत पोहोचली, तसल्याच साखळीची एक कडी आम्ही आपल्या हाताने घडविली होती. ईश्वरविज्ञानाच्या पदविकेसाठी अभ्यास करताना आम्ही बिरुया येथील लोकांवर पानभर उत्तर लिहिले होते. पौलासारखा प्रेषित बोलत असताही, हे असेच आहे की काय म्हणून ते दररोज शास्त्रांत शोध करीत, आणि लूक त्यांना उद्धट म्हणत नाही, थोर मनाचे म्हणतो. परीक्षेत त्याचे गुण मिळाले. प्रत्यक्षात बिरुयाची एक मुलगी आमच्या संघात उभी राहिली, तेव्हा आम्ही तिचे तोंड बंद केले. पुढच्या सभेत आम्ही सर्वांसमोर तिची क्षमा मागितली. तरुणांमधील आमचे खरे काम त्या दिवसापासून सुरू झाले असे आम्ही मानतो.

कोणी म्हणेल, एक संदेश पाठविला तर त्यात पाप ते काय? निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायाची पहिली दोन वचने काढून पाहा. खोटी अफवा पसरवू नये हे पहिल्यात आहे आणि वाईट करण्यासाठी समुदायाच्या मागे जाऊ नये हे लगेच दुसऱ्यात आहे. अफवा आणि जमाव ह्यांना मोशेने शेजारी शेजारी ठेवले आहे, कारण एकीतून दुसरा निघतो. नववी आज्ञा आपण न्यायकचेरीपुरती समजतो. परंतु ज्याला आपण पाहिले नाही, त्याच्याविषयी आपण बोटाने जे पुढे पाठवितो तीही साक्षच आहे. देवाने आपल्या लोकांना अनुवादात बजाविले आहे की, एखाद्या नगराविषयी भयंकर गोष्ट कानी आली तरी आधी चौकशी करावी, शोध करावा, बारकाईने विचारावे. तीन वेळा तेच सांगितले आहे. आणि उत्पत्तीच्या अठराव्या अध्यायात तर सर्वज्ञ परमेश्वर सदोमाविषयीची ओरड ऐकून म्हणतो की, मी खाली जाऊन पाहीन. ज्याला सर्व ठाऊक आहे तो न्यायापूर्वी उतरून पाहतो. आणि आपण, ज्यांना काहीच ठाऊक नसते, चहाचा पेला खाली ठेवण्याआधी निकाल देऊन मोकळे होतो!

त्या जुलैमध्ये व्हॉट्सअ‍ॅप कंपनीने पुढे पाठविलेल्या संदेशावर तशी खूण दाखविण्यास सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचांहून अधिक ठिकाणी तो पाठविता येऊ नये असे ठरविले. हे चांगलेच झाले. पण त्यामुळे बोटाला आळा बसला, मनाला नव्हे. मनाला वळण लावण्याचे काम घराचे आहे, शाळेचे आहे, आणि आपल्या तरुण संघांचे आहे.

इतरांनी हे काम केले आहे. तेलंगणातील गदवाल व वनपर्ती जिल्ह्यांच्या त्या वेळच्या पोलीस अधीक्षक रेमा राजेश्वरी ह्यांनी पोलिसांना गावोगावी पाठविले. दवंडी पिटून व लोककलावंतांच्या गाण्यांतून, आलेला संदेश आधी आम्हांस दाखवा, असे लोकांना शिकविले. अफवांच्या त्या दिवसांत त्यांच्या हद्दीत असा एकही बळी गेला नाही. केरळात कण्णूरचे तेव्हाचे जिल्हाधिकारी मीर मोहम्मद अली ह्यांनी २०१८ साली सुमारे १५० सरकारी शाळांत मुलांना खरी व खोटी बातमी पारखण्याचे धडे सुरू केले. पोलीस व कलेक्टर जर हे करतात, तर ज्यांना सत्याचा आत्मा मिळाला आहे त्यांनी मागे राहावे काय?

आमच्या संघात आम्ही जे करतो ते अगदी साधे आहे. कोणत्याही मंडळीला ते करता येईल.

महिन्यातून एक सभा आम्ही ह्यासाठी ठेवतो. तरुणांनी आपल्याकडे आलेला एखादा संदेश आणावयाचा आणि सर्वांनी मिळून त्याला प्रश्न विचारावयाचे. हे कोण सांगतो, त्याला नाव आहे का? त्याने स्वतः पाहिले की ऐकले? कोठे आणि केव्हा घडले? ह्याचा आधी किंवा नंतरचा भाग कापलेला असेल का? हे वाचून मला राग आला की भीती वाटली, आणि मी घाई करावी असे कोणाला वाटते? आणि शेवटचा प्रश्न : हे खोटे निघाले तर मार कोणाला बसेल?

मग शोधावयाचे. चित्र असेल तर तेच चित्र गूगलला दाखविले की पुष्कळदा ते आधी कोठे व कधी आले होते ते समजते. गावाचे नाव असेल तर त्या गावी आपल्यापैकी कोणाचे तरी पाव्हणे असतातच. फोन करून विचारावयाचे. आपल्या सीमेवरच्या मुलांना देवाने आणखी एक देणगी दिली आहे. ती शाळेत कन्नड वाचतात, मंडळीत मराठी, आणि बाजारात हिंदी-उर्दू बोलतात. एकदा एकच संदेश तीन भाषांत आला होता. मजकूर तोच, फक्त गावाचे नाव निराळे. मुलांनी तिन्ही शेजारी ठेवले आणि हसू लागली. ते हसू आम्हांस दहा व्याख्यानांपेक्षा मोलाचे वाटले.

ह्या सभेत पुढाऱ्याने एक पथ्य पाळावे. उत्तर आधीच सांगू नये. हे खोटे आहे असे आम्ही सांगितले आणि मुलांनी मान डोलविली, तर काल ती संदेशावर विश्वास ठेवीत होती, आज आमच्यावर ठेवतील. विचार करण्यास ती शिकणार नाहीत. उद्या आम्ही चुकलो तर त्यांना कोण वाचविणार? बारा वर्षांच्या येशूविषयी लूक सांगतो की, तो मंदिरात गुरुजनांमध्ये बसून त्यांचे ऐकत होता व त्यांना प्रश्न करीत होता. त्या गुरुजनांनी त्याला हाकलून दिले नाही, हेही आपण लक्षात घ्यावे.

परीक्षा घरापासून सुरू करावी. दुसऱ्यांचे खोटे पकडणे सोपे असते; आपल्या बाजूचे खोटे गोड लागते. भारतातील ओलिसाबांग नावाच्या प्रांतात बौद्ध लोक मंदिरे जाळीत आहेत, शेकडो मिशनरी मारले जाणार आहेत, प्रार्थना करा आणि सर्वांना पाठवा, असा एक संदेश कित्येक वर्षे जगभरच्या ख्रिस्ती लोकांत फिरत आला आहे. भारतात त्या नावाचा प्रांतच नाही! तरी भारतातलेच लोक तो भारतातल्यांना पाठवितात. हेतू प्रार्थनेचा असला तरी एका निरपराध समाजावर त्यात आळ येतो, हे आपण पाहात नाही. जे देवाच्या लोकांवर खरोखर संकटे येतात, त्यांचीही किंमत अशा खोट्याने कमी होते. हा संदेश इतक्या जणांना पाठवा म्हणजे आशीर्वाद मिळेल, अशा संदेशांविषयी तर काय बोलावे? कृपा मोजून विकली जाते असे आपण कधीपासून मानू लागलो?

काही वडीलधारी बंधू आम्हांस विचारतात, मुलांना प्रश्न विचारण्याची सवय लावली तर उद्या ती शास्त्रालाही प्रश्न करतील, पाळकसाहेबांनाही करतील, मग? हा प्रश्न खोटा नाही. त्यामागे मुलांविषयीची काळजी आहे. पण आम्ही नम्रपणे म्हणतो की, करू द्या. नासरेथातून काही चांगले निघेल का, असा संशय नथनेलाने काढला, तेव्हा फिलिप्पाने त्याला दटाविले नाही, येऊन पाहण्यास सांगितले. थोमाला प्रभूने आपल्या जखमा दाखविल्या. थेस्सलनीकाच्या मंडळीला पौलाने सर्व गोष्टी पारखून जे चांगले ते धरून ठेवण्यास सांगितले. जे सत्य आहे त्याला पारखण्याचे भय नसते. मुलांचे प्रश्न आपण मंदिरात ऐकले नाहीत, तर ती ते मोबाईललाच विचारतील, आणि तो त्यांना हवे ते उत्तर देईल.

मात्र दुसऱ्या बाजूचाही एक खड्डा आहे. काही तरुण आता म्हणू लागले आहेत की, सगळेच खोटे असते, कशावरच विश्वास नको. आता तर यंत्राने माणसाचा हुबेहूब आवाज व चेहराही बनविता येतो, त्यामुळे असे वाटणे साहजिक आहे. पण हाही आळसच आहे. सर्व काही खरे मानणाऱ्याला शोधावे लागत नाही आणि सर्व काही खोटे मानणाऱ्यालाही शोधावे लागत नाही. खरोखरच एखादे मूल हरवेल तेव्हा असा तरुण बातमी वाचून पुढे जाईल. पारखण्याचा उद्देश चांगले ते धरून ठेवणे हा आहे.

आणि फिनहास केवळ हुशार नव्हता. पलीकडच्यांना त्याने सांगितले की, तुमची भूमी तुम्हांला अशुद्ध वाटत असेल तर इकडे या, आमच्यामध्ये वतन घ्या. चौकशीला जाताना आपल्या जमिनीतला वाटा देण्याची त्याची तयारी होती. म्हणजे तो भावाला गमावण्यासाठी नव्हे, तर मिळविण्यासाठी गेला होता. म्हणूनच उत्तर ऐकून त्याला आनंद झाला. आपल्याला आनंद होतो का, बंधूंनो? ज्याच्याविषयी आपण वाईट ऐकले तो निर्दोष निघाला, तर आपल्या मनाला बरे वाटते, की आपला अंदाज चुकला म्हणून चुटपुट लागते? हा प्रश्न प्रत्येकाने एकांतात प्रभूसमोर स्वतःला विचारावा.

आमचे हुमनाबाद पुणे-हैदराबाद हमरस्त्यावर आहे. रोज शेकडो परकी माणसे येथून जातात. चहाला थांबतात, एखादे मूल दिसले की गालाला हात लावतात, खिशातली गोळी देतात. त्यांची भाषा, त्यांचा पोशाख, त्यांचा धर्म निराळा असू शकतो. उद्या त्यांतल्या एखाद्याभोवती गर्दी जमली आणि कोणी मोबाईल उंच धरून ओरडू लागला, तर त्या गर्दीत आपल्या संघातला एक तरी मुलगा किंवा एक तरी मुलगी असावी, जी पुढे होऊन विचारील, “हे कोणी पाहिले आहे का?” त्या वेळी तिला धैर्य यावे म्हणून आज, आपल्या सभेत, आपल्यासमोर, तो प्रश्न विचारण्याची तिला मोकळीक असली पाहिजे. आपण एकदा तिला गप्प केले, तर त्या रस्त्यावर ती गप्पच उभी राहील.

म्हणून पाळकांना, तरुण संघाच्या पुढाऱ्यांना आणि आईबापांना आमची विनंती आहे. ह्या महिन्यात यहोशवाचा बाविसावा अध्याय मुलांबरोबर वाचा. आपण स्वतः पाठविलेला एखादा खोटा संदेश त्यांना दाखवा आणि आपण कोठे चुकलो ते सांगा. मग त्यांना विचारू द्या.

हे सत्यस्वरूप प्रभो, ऐकण्यास आम्ही चपळ आणि विचारण्यास मंद झालो, ह्याची आम्हांस क्षमा कर. आमच्या शब्दाने व आमच्या मौनाने ज्यांची हानी झाली, त्यांच्या घरांना तू सांत्वन दे. आमच्या तरुणांना पारखणारी बुद्धी दे आणि प्रीती करणारे अंतःकरण दे. आमेन.